तिसरा लाईनवर आहे



या व्याख्यानमालेत काल संतसाहित्य झाले, उद्या अवकाशसंशोधन आहे. मधल्या दिवशी मोबाइलच्या कॉन्फरन्स कॉलवर तासभर काय ऐकायचे, असे काहींच्या मनात आले असेल. माझी वकिली मार्केट यार्डाच्या आधाराने चालली. पूर्वी तंटा घेऊन येणारा माणूस पिशवीतून अडत्याची पट्टी काढायचा, चिठ्ठी काढायचा, एखादी वही काढायचा. आता तो मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, बोलणं झालं तेव्हा आम्ही चौघं लाईनवर होतो." चौघे कोण, कुणी कुणाला जोडले, कुणी नेमके काय ऐकले, हे मात्र त्याला धड सांगता येत नाही. आपल्या बाजारातला मोठा व्यवहार आज या चौघांच्या बोलण्यावर चालतो. म्हणून हा विषय.

सांगली-तासगावचा बेदाणा घ्या. शेतकऱ्याने शेडवर वाळवलेला माल शीतगृहात पडून असतो. सौदे बाजारात निघतात, पण त्यापुढचे बरेचसे काम फोनवर. अडत्या सांगलीत, घेणारी पार्टी दिल्लीत, माल तासगावच्या स्टोरेजमध्ये आणि गाडी ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातात. पार्टीचे म्हणणे, माल आज निघत असेल तरच घेतो. पूर्वी अशा वेळी अडत्या स्टोरेजला फोन करी, मग ट्रान्सपोर्टला, मग परत दिल्लीला. निरोप प्रत्येक खेपेला थोडा बदले. 'बघतो' याचे 'हो' होई आणि 'संध्याकाळी' याचे 'चारपर्यंत' होई. गाडी उभी राहिली की मग भाडे कुणी भरायचे यावर भांडण.

आता तो काय करतो?

"शेठ, एक मिनिट होल्ड करा, स्टोरेजवाल्याला लाईनवर घेतो."

"हं, बोला. शेठ दिल्लीहून ऐकताहेत. माल कधी निघेल?"

"गाडी चारला लागली तर सहापर्यंत भरून देतो. हमालांचं तुमचं तुम्ही बघायचं."

"बघतो. शेठ, ऐकलंत ना?"

"ऐकलं. और रेट?"

"रेटचं आपण नंतर बोलू, शेठ."

या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. वेळ, गाडी, हमाली हे सगळे तिघांत झाले. भाव मात्र दोघांतच राहिला. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा आणि बाकीचे भोवती उभे राहून नुसते बघायचे. अडत्याने इथे तेच केले, फक्त त्याचा रुमाल म्हणजे मोबाइलवरचे एक बटण. कोणती गोष्ट सगळ्यांसमोर बोलायची आणि कोणती दोघांत, हे ज्याला कळले त्याला कॉन्फरन्स कॉल आला. बटण दाबता येणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

ती पाच मिनिटेही घेऊ. पहिला नंबर लावायचा. त्याने उचलला की 'ॲड कॉल' दाबून दुसरा लावायचा. तोवर पहिला आपोआप होल्डवर जातो. दुसऱ्याने उचलला की 'मर्ज'. साध्या नेटवर्क कॉलवर असे पाच जण जोडता येतात, आपण धरून सहा. ही सोय स्मार्टफोनने आणली असा समज आहे, तो खरा नाही. जीएसएमच्या जुन्या साध्या फोनमध्येही ती होती; होल्डवरचा आणि चालू कॉल एकत्र करायला ३ दाबून कॉलचे बटण दाबावे लागे. हे कुणाला माहीत असणार? जानेवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन पहिल्यांदा दाखवला, तेव्हा मंचावर दोन सहकाऱ्यांचे कॉल एका बोटाने जोडून दाखवले. सोय जुनीच होती, आता ती डोळ्यांना दिसली एवढेच. शिवाय आपल्याकडे एक अडचण पैशांची होती. जोडलेला प्रत्येक कॉल स्वतंत्र कॉल असतो आणि आपण लावलेल्या प्रत्येकाचे मीटर आपल्यावर पडते. २००३ च्या आधी तर येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. चौघांना जोडून गप्पा मारणे ही तेव्हा चैन होती. अमर्याद बोलण्याचे पॅक आले तेव्हा कुठे मर्जचे बटण बाजारात रुळले.

मर्ज दाबण्याआधीचे जे अर्धे मिनिट असते, त्यात धंद्याची सगळी अक्कल आहे. दुसरा माणूस उचलतो तेव्हा पहिला होल्डवर असतो, त्याला काही ऐकू येत नाही. त्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्याला सांगायचे असते: कोण लाईनवर आहे, विषय काय, आणि काय बोलायचे नाही. हे न सांगता थेट मर्ज केले की काय होते ते माझ्या पक्षकारांना विचारा. ट्रान्सपोर्टवाला उचलताच म्हणतो, "कोण, ती दिल्लीची पार्टी? मागचे पैसे दिले का त्याने?" आणि पार्टी ऐकत असते. असे एकदा झाले की त्यानंतर कितीही माफी मागा, बाजारात ते वाक्य फिरत राहते.

आवाजाबद्दल थोडे. हे जोडण्याचे काम आपल्या हातातला फोन करत नाही, ते नेटवर्कमध्ये होते. तिथे सगळ्यांचे आवाज एकत्र करून प्रत्येकाला त्याचा स्वतःचा सोडून बाकीच्यांचा आवाज पाठवला जातो. म्हणजे एक जण यार्डात लिलावाच्या गोंगाटात उभा असेल तर तो गोंगाट सगळ्यांच्या कानात. त्याने बोलत नसताना म्यूट दाबावे, एवढे त्याला सांगायला कुणाची भीड नसावी. दुसरे असे की जुन्या पद्धतीच्या फोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. 'स'चा शीळ घातल्यासारखा भाग बराचसा त्याच्या वर असतो, तो कापला जातो. त्यामुळे 'साठ' आणि 'आठ' यांत गल्लत होते. जुने व्यापारी हे शास्त्र न शिकता ओळखून होते. ते 'साठ' म्हटल्यावर लगेच 'सहा शून्य' म्हणतात. आता एचडी आवाजात ७००० हर्ट्झपर्यंतचा भाग येतो, तरी ही सवय सोडू नका; चौघांपैकी एकाची रेंज नेहमीच गेलेली असते.

आणि तो 'बोला बोला'चा घोळ! दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही थांबतात, दोघेही म्हणतात 'बोला, तुम्ही बोला', आणि पुन्हा शांतता. वेगवेगळ्या दहा भाषांच्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. समोरासमोर बोलताना एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास वेळ जातो, असे त्यात दिसले. कॉलमध्ये आवाज पोहोचायलाच तेवढा उशीर झाला तर पाळी कुणाची हे कानाला कळत नाही, आणि डोळ्यांना तर कुणी दिसतच नसते. उपाय साधा आहे. ज्याने कॉल जोडला त्याने नाव घेऊन विचारायचे. 'कुणाचं काही म्हणणं?' असे विचारले की जो सर्वांत मोठा शेठ तोच बोलतो. स्टोरेजचा पंचवीस वर्षांचा मॅनेजर गप्प बसतो, आणि माल ओला आहे हे फक्त त्यालाच माहीत असते.

आता जरा अवघड भागाकडे येतो. साध्या कॉन्फरन्समध्ये लाईनवर कोण कोण आहे याची यादी जोडणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसते. बाकीच्यांना साधारणपणे कळत नाही. म्हणजे मी तुमच्याशी बोलत असताना आणखी एकाला गुपचूप जोडून ठेवले, तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. "त्याच्या तोंडून वदवून घेतो, तू फक्त ऐक," हा प्रकार बाजारात चालतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलमध्ये सहभागी सगळ्यांना दिसतात. ती सोय २०१८ मध्ये चौघांपुरती आली, २०२० मध्ये आठ जणांची झाली आणि २०२२ मध्ये बत्तीस जणांपर्यंत गेली. लपवाछपवीच्या बाबतीत मला तो कॉल जास्त प्रामाणिक वाटतो, जरी स्पीकर लावून शेजारी भावाला बसवायला तिथेही कुणाची आडकाठी नाही. पण सौद्याला मी तरी साधा कॉलच सुचवतो. त्याला इंटरनेट लागत नाही, ड्रायव्हरपासून शेठपर्यंत सगळ्यांकडे तो चालतो, आणि सौद्याला बत्तीस माणसे लागत नाहीत. बत्तीस लागत असतील तर तो सौदा नाही, ती सभा आहे, तिला दुसरी साधने आहेत.

चोरून जोडण्याचाच एक धंदा चोरांनी काढला. त्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआयकडून लोकांना सावध करण्यात आले. फोन येतो: तुमचा नंबर अमक्या मित्राकडून घेतला, तोच मित्र आता दुसऱ्या नंबरवरून तुम्हाला लावतोय, जरा मर्ज करा. तुम्ही मर्ज करता. तो दुसरा कॉल मित्राचा नसतो, बँकेचा ओटीपी बोलून सांगणारा यांत्रिक कॉल असतो. चोराने तुमच्या नावाने व्यवहार आधीच सुरू केलेला असतो आणि आता ओटीपी तुमच्याबरोबर तोही ऐकतो. व्यापारी माणूस यात लवकर सापडतो, कारण दिवसभर मर्ज करण्याची त्याच्या बोटाला सवय असते. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आलेला कॉल कधीही जोडू नका. जोडायचे की नाही हे जोडणाऱ्यानेच ठरवायचे असते.

आता कायदा. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी यांच्यात सरकी पेंडीचा सौदा लांब पल्ल्याच्या फोनवर झाला. एसटीडी आपल्या देशात १९६० मध्ये आली, म्हणजे हा ट्रंक कॉल. अहमदाबादहून खरेदीचा प्रस्ताव, खामगावहून होकार. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादकरांनी अहमदाबादेतच दावा लावला, ३१,१५० रुपयांचा. खामगावकर म्हणाले, होकार आम्ही इथे बोललो, करार खामगावात झाला, दावा इथे लावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६५ मध्ये बहुमताने निकाल लागला: फोनवर होकार जिथे ऐकला जातो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते. करार कायदा १८७२ चा, तेव्हा टेलिफोन नव्हताच. त्या कायद्याच्या शब्दांप्रमाणे होकार खामगावातून सुटला की सौदा पुरा, असे त्यांनी लिहिले. मला आजही ते भिन्नमत वाचायला आवडते, पण चालतो तो बहुमताचा निकाल.

हा निकाल दोघांच्या फोनचा. तुमच्या कॉलवर चौघे असतात. प्रस्ताव दिल्लीचा, होकार तासगावचा, जोडणारा सांगलीत आणि गाडीवाला मिरजेच्या नाक्यावर. प्रस्ताव देणाऱ्याने होकार दिल्लीत ऐकला, तर करार दिल्लीत झाला असे म्हणायला त्याला आधार मिळतो, आणि मग तासगावकराला तारखांना दिल्लीला जावे लागू शकते. 'सर्व वाद सांगली न्यायकक्षेत' ही ओळ तुम्ही बिलावर छापता. पण बिल सौद्यानंतर जाते. दुसऱ्याने मान्य न केलेली, मागाहून पाठवलेली ओळ न्यायालय धरून चालेलच असे नाही.

रेकॉर्डिंगवर विसंबणाऱ्यांना एवढेच सांगतो की फोनवरच्या बोलण्याची टेप पुरावा म्हणून चालते, हे मुंबईच्या एका कॉरोनरच्या लाचेच्या खटल्यात, मलकाणी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच मान्य केले आहे. पण त्यात आवाज ओळखता यावा लागतो आणि टेपशी छेडछाड झालेली नसावी लागते. आज रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. आणि चौघांच्या कॉलमध्ये 'हो' कुणी म्हटले? नुसते 'हो, हो, चालेल' ऐकून न्यायाधीश काय ठरवणार? म्हणून सुरुवातीला प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि गाव बोलावे. बोलताना विचित्र वाटते, पण चार वाक्यांत होते. रेकॉर्ड करणार असाल तर तसे आधी सांगा. सांगितले की माणसे तोलून बोलतात, आणि सौद्यात तेच हवे असते.

मी माझ्या पक्षकारांना एकच गोष्ट बजावतो. कॉल ज्याने जोडला, त्याने तो तोडल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांना एक मेसेज टाकायचा. भाव ज्यांच्यात बोलला गेला त्यांना वेगळा, बाकीच्यांना वेगळा. भाषा तुमचीच, वकिली नको. उदाहरणार्थ: "आत्ता कॉलवर ठरलं ते असं. माल आज, गाडी चारला लागेल, सहापर्यंत भरून निघेल. हमाली अडत्याकडे, भाडे पार्टीकडे, निम्मे ॲडव्हान्स. वाद झाला तर सांगली कोर्ट. चुकलं असेल तर आत्ता सांगा, बरोबर असेल तर 'मान्य' लिहा." आणि समोरून नुसता अंगठा आला तर त्यावर थांबू नका. परत फोन करा आणि 'मान्य' हा शब्द लिहून घ्या, कारण अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असाच होता, असे उद्या कुणीही म्हणू शकतो.

प्रश्न असतील तर घेऊ या.