आधी नक्कल, मग दुरुस्ती



मार्च एंड जवळ आला की जालन्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. पिशवीत हार्डडिस्क, आणि बसायच्या आत प्रश्न : "भाऊ, निघंल का सगळं?" कधी हा नव्या मोंढ्यातला आडत्या असतो, वर्षभराची टॅली अडकलेली असते. कधी मंठ्याचा नाहीतर परतूरचा फोटोग्राफर. नवरी नांदायला गेली, तिच्या लग्नाचं शूटिंग मात्र डिस्कमध्येच. कधी सीड प्लॉटचा ऑर्गनायझर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही कंपनी स्थापन केली, तेव्हापासून जालना बियाण्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कुणाच्या रानात कुठलं वाण, कुणाला किती उचल दिली, हा हिशेब आता वहीतून कॉम्प्युटरमध्ये गेलाय.

"निघंल का" याचं उत्तर पुष्कळदा दुकानदाराच्या हातात नसतं. डिस्क बिघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात घरच्यांनी काय काय केलं, त्यावर ते ठरून गेलेलं असतं.

डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. डेस्कटॉपच्या वेगवान डिस्कमध्ये तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढं पळते. समृद्धी महामार्गावर मोटारीला एवढी परवानगी नाही. आणि त्या वेगात वाचणारं हेड तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर वर, हवेच्या थरावर तरंगत असतं. धुराचा कणसुद्धा त्या फटीत मावत नाही. आपल्याकडं एकीकडं रोलिंग मिल, दुसरीकडं जिनिंग. या हवेत स्क्रू काढून डिस्क "जरा उघडून बघणाऱ्या" माणसाचं धाडस मोठंच म्हणायचं.

लाईट गेली की डिस्क जळते, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर वीज तुटली तरी फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या वेगातून मोटर क्षणभर वीज तयार करते, आणि तेवढ्यात हेड सुरक्षित जागी जाऊन बसतं. नासतं ते वेगळंच. कुठली फाइल कुठं आहे याची यादी लिहिता लिहिता अर्धवट राहते. मग धडधाकट डिस्क लावली तरी विंडोज विचारतं, फॉरमॅट करायचं का? तिथं 'हो' दाबू नका, एवढंच. टेस्टडिस्क नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अनेकदा डिस्कची विभागणी परत जुळवून देतं, आणि ते जमलं नाही तर त्याच्याच जोडीचं फोटोरेक यादीशिवायही फोटो हुडकून काढतं. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर ठेवायचं, त्याच डिस्कवर नाही.

डिस्क टक-टक, टक-टक वाजायला लागली तर गोष्ट वेगळी. हेडला आपली खूण सापडत नाही. ते जातं, मागं येतं, परत जातं. हा आवाज ऐकला की वायर काढायची. पुढचं काम क्लीन रूमचं, म्हणजे धूळ नसलेल्या खोलीतलं, तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेडं बसवून करायचं. खर्च मोठा, तेव्हा आतलं तेवढ्या मोलाचं आहे का, हे मालकानं ठरवायचं. ती डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा, असं सांगणारा कुणीतरी दर गावात असतो. गारठलेली डिस्क मेच्या उकाड्यात बाहेर काढली की आत दव धरतं, अन् उरलीसुरली आशाही जाते.

सगळ्यात जास्त डिस्का या दोन्हींच्या मधल्या असतात. चालू होतात, दिसतात, पण फाइल उघडताना अडकतात. बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा. इथं घरातला हुशार पोरगा चेकडिस्क लावतो. हेतू चांगला, पण चेकडिस्क यादी दुरुस्त करायला आहे, डेटा वाचवायला नाही. ती मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन् तास वाचत बसते, वर स्वतःच्या दुरुस्त्या लिहिते. दुसरा कुणी नवीन विंडोज टाकून देतो. तिसरा पन्नास वेळा बंद-चालू करतो.

अशा वेळी जाणता माणूस फाइली उघडतच नाही. डिस्क लिनक्सवर जोडून जीएनयू डीडीरेस्क्यू लावतो आणि अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या, तिच्याहून मोठ्या डिस्कवर उतरवतो. या प्रोग्रामची अक्कल अशी, की वाचता येत नाही तिथं तो अडून बसत नाही. ती जागा सोडून पुढं जातो, सोपं तेवढं आधी पदरात पाडतो आणि मग राहिलेल्या जागांकडं वळतो. काय आलं, काय राहिलं, याचा नकाशा एका फाइलीत ठेवतो. त्यामुळं डिस्क तापली तर थांबवायचं, गार होऊ द्यायची, आणि तिथूनच पुढं. उन्हाळ्यात आटत आलेल्या विहिरीवर मोटर चालवतात तसं. फरक इतकाच की विहिरीला पाझर असतो. डिस्कमध्ये जी काय वाचनं उरलीत ती उरलीत. दुरुस्ती करायची ती उतरवलेल्या नकलेवर. चुकली तरी मूळ डिस्क तशीच राहते.

आशा किती धरावी? कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी आकाशात फुटलं. त्यातल्या झेनॉन वायूच्या प्रयोगाची एक हार्डडिस्क नंतर जमिनीवर सापडली. बाहेरून भाजलेली, आत धूळ गेलेली. पण डेटा असलेल्या तबकड्या शाबूत. जाणकारांनी त्या धुतल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती काढली. प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली छापून आला. ती डिस्क कुणी चालू करून बघितली नव्हती, फॉरमॅटही मारला नव्हता, हे ध्यानात घ्या.

नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीत यातलं बरंच लागू पडत नाही. तिथं तबकडीही नाही आणि आवाजही नाही; पुसलेली फाइल ट्रिम नावाच्या सोयीमुळं बहुधा कायमची जाते. शिवाय बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये डेटा कुलूपबंद असतो. डिस्क शंभर टक्के उतरवली तरी बिटलॉकर या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर हाती नुसता कचरा. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि खातं कुठल्या ईमेलनं उघडलं हे लॅपटॉप घेतला त्या दुकानातल्या पोरालाच ठाऊक असतं. त्याला गाठा, की उतरवून घ्या, आणि घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये नको.