द्रावकाची वाफ आणि आपले आरोग्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि शहापूर तालुक्यात आसनगाव-आटगावकडे उभ्या राहिलेल्या कारखान्यांमुळे आपल्या तरुणांना मीठभाकर घराजवळच मिळू लागली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु मिळवते हात शाबूत राहिले पाहिजेत, एवढ्यासाठीच मी हा विषय मांडीत आहे.

रंग, छपाईची शाई व चिकटद्रव्ये यांत मिथाइल इथाइल कीटोन नावाचे द्रावक वापरतात. पुष्कळ ठिकाणी त्याला सरसकट ‘थिनर’ म्हणतात. त्याच्या वाफेने प्रथम डोळे व घसा चुरचुरतो. पुढे डोके दुखते, मळमळते, घेरी येते. नाक वासाला लवकर सरावते. म्हणून वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे समजू नये. १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टला जोडलेल्या अनुसूचीत आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लक्ष भागांत २०० भाग अशी घातली गेली. ती मोजणे हे उपकरणाचे काम, नाकाचे नव्हे.

१९७३ साली अमेरिकेत कोलंबस येथे कापडावर लेप देण्याच्या कारखान्यात याच कुळातील मिथाइल ब्यूटाइल कीटोनमुळे अनेक कामगारांचे हातपाय बधिर व दुबळे झाले. आपले द्रावक एकट्याने तसे करीत नाही. परंतु हेक्झेनच्या जोडीला आले म्हणजे हेक्झेनची मज्जातंतूंवरील बाधा ते वाढविते. तेव्हा हातापायांस मुंग्या येऊ लागल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, आणि आपण कोणते द्रव्य हाताळतो तेही डॉक्टरांस सांगावे.

ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून पिंपाचे झाकण लावलेले असावे, वाफ जेथे निघते तेथेच ती ओढून घेणारा पंखा असावा, विडीकाडी दूर असावी. तोंडावर बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. थिनरने हात धुऊ नयेत. हातमोजे ब्यूटाइल रबराचे घ्यावेत. टाकीत एकट्याने उतरू नये. रिकामे पिंप पाणी साठविण्यासाठी घरी तर मुळीच आणू नये.

माताभगिनींना माझी विनंती आहे : मुलगा संध्याकाळी घरी आला की पगाराबरोबर त्याच्या डोकेदुखीचीही चौकशी करा. आणि मंडळाने संरक्षक साधने मागणाऱ्या तरुणाच्या पाठीशी उभे राहावे. एकट्याची मागणी हट्ट ठरते. दहाजणांची मागणी व्यवस्था घडविते.