तीन गुणांचा तालुका



‘शिक्षण, समुदाय आणि समाज’ हा विषय आपण जुन्नर-आंबेगावच्या परिसरात चर्चेला घेतला आहे, तेव्हा आधी एक हिशेब मांडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांसाठी गुणांचे जे कोष्टक घालून दिले, त्यात निबंधवाचनाला आंतरराष्ट्रीय परिषदेत १० गुण होते, राष्ट्रीय परिषदेत साडेसात, राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३. २०१८ मध्ये आकडे बदलले, उतरंड तीच राहिली. निबंधात काय आहे हे कोष्टक विचारत नाही; फलकावर काय लिहिले आहे तेवढे पाहते. मग फलक बदलले यात नवल ते काय! तालुक्याच्या गावी भरणारे चर्चासत्रही आंतरराष्ट्रीय होऊ लागले आणि ज्या तालुक्यात ते भरते तो तालुका मात्र तीन गुणांचा उरला. पुढचे आपल्याला पाठ आहे. समई, शाल, श्रीफळ, मनोगते यांत दुपार होते. बीजभाषण जेवणाच्या तोंडावर येते. मग समांतर सत्रांत माणशी पाच मिनिटे, अध्यक्षांची घंटा, आणि परतीची एसटी गाठायची म्हणून प्रमाणपत्राची घाई. छापील निबंधांचीही तीच तऱ्हा. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली, यावरून काय ते समजावे.

या सगळ्याची थट्टा पुष्कळ झाली आहे. माझे म्हणणे निराळे आहे. ज्यांच्या जगण्याविषयी आपण बोलतो ती माणसे सभागृहात नसतात, याला आपण फार तर सौजन्याची उणीव मानतो. मी तिला ज्ञानातली चूक मानतो. ज्याला निबंध तपासता आला असता तोच बाहेर राहतो, आणि न तपासलेला निबंध टाळ्या घेऊन जातो.

ही तक्रार जुनी आहे. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकार सभा भरली तेव्हा जोतीराव फुल्यांनी निमंत्रण नाकारणारे पत्र लिहिले. सामान्य माणसाचे हक्क ज्यांच्या लेखनात मान्य नाहीत, त्यांच्या सभेत आपले काय काम, असा त्यांचा रोख होता. ते पत्र आपण मानापमानाचा प्रसंग म्हणून वाचतो. पण त्याच सुमारास या जुन्नर भागातले शेतकरी सावकारांच्या जमिनी कसायला नकार देत होते आणि ओतूरच्या भाऊ कोंडाजी डुंबरे पाटलांसारखे सत्यशोधक गावोगावी शिक्षणाविषयी बोलत होते. शेतकऱ्याच्या कर्जाची खरी माहिती तेव्हा ग्रंथकारांच्या बैठकीपेक्षा ओतुरात जास्त होती. फुल्यांनी नेमके तिकडे बोट दाखवले होते.

आता जवळची दोन उदाहरणे घेऊ. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजात पडकईची रीत आहे. घरे एकत्र येतात, एकमेकांच्या उतारावर राबतात, दगड काढून बांध घालतात आणि भाताची खाचरे तयार करतात. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. गाव दिसत नाही ही खबर पहिल्यांदा बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. त्यानंतर शोध सुरू झाला कारणांचा आणि चर्चेत पडकईवरही बोट रोखले गेले. माळीण का घडले याचा निवाडा भूवैज्ञानिकांनी करावा, मी करणार नाही. पण हाताने, दगडाची जागा बघत, वर्षानुवर्षे सरकत गेलेली पडकई आणि यंत्राने चार दिवसांत कापलेला उतार या दोन्हींना कागदावर एकच शब्द लागतो. पाणी कुठून मुरते, कुठला दगड हलवायचा नाही, हा फरक ज्याच्या हाताला माहीत आहे त्याने निबंधवाचकाला तिथल्या तिथे अडवायला हवे. त्यासाठी तो समोर बसलेला हवा.

यावर आक्षेप येतो की गावाचे म्हणणे म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. बरोबर आहे, आणि त्याचा पुरावाही इथलाच आहे. जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय २००१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. पकडा आणि न्या, हीच गावांची मागणी होती आणि ती समजण्यासारखी होती. रात्रीची वीज आली की बॅटरी घेऊन उसात दारे धरायला जाणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी इथल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते या उपायानंतर १७ वर गेले. इथे चूक गावाची निघाली आणि बरोबर अभ्यासकांचे. म्हणूनच दोघे एका खोलीत हवेत. पडकईवर गावकऱ्याने प्राध्यापकाला थांबवावे, बिबट्यावर अभ्यासकाने गावकऱ्याला आकडे दाखवावेत. वेगवेगळ्या खोल्यांत दोघेही आपापल्या जागी बिनचूक राहतात.

दुसरा आक्षेप दर्जाचा: स्थानिक विषय घेतले की पातळी घसरते. बिबट्यांचा तो अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला. विषय होता आपल्या उसातले बिबटे. आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना तर रोज डोळ्यांसमोर आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी ही जागा निवडली, त्यामागे इथली रेडिओ शांतता हे मोठे कारण होते. म्हणजे या मातीचा एक अगदी स्थानिक गुण. जगातले खगोलशास्त्रज्ञ त्यापायी नारायणगावला येतात, आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथल्या प्रदर्शनाला आसपासच्या शाळा लोटतात.

समोर बसलेल्याला निबंध कळायला हवा, म्हणून मराठीचा मुद्दा; तो लवकर आटोपतो. निबंध इंग्रजीत छापायचा तर खुशाल छापा. प्रश्नोत्तरे मराठीत ठेवा. ज्याला आपला निष्कर्ष मराठीत सांगता येत नाही, त्याला तो कळला आहे का, अशी मला शंका येते.

तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. गुण नाहीत तर बढती नाही, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणाने नोंदणी शुल्क भरायचे ते प्रमाणपत्रासाठीच. त्याला मी दोष देणार नाही. कोष्टक आपल्या हातात नाही. कार्यक्रमपत्रिका मात्र आपल्या हातात आहे. आषाढात भातलावणीच्या दिवसांत किंवा उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायच्या वेळी तारीख ठेवली तर पश्चिम पट्ट्यातून कोणी येणार नाही. तारीख बदला. आश्रमशाळेवरच्या निबंधाला आश्रमशाळेत मूल असलेली आई प्रतिसादक म्हणून बोलवा, आणि तिची बुडालेली मजुरी व एसटीचे भाडे अंदाजपत्रकात धरा. वीस निबंध कमी घ्या.

सुरुवात आजच करता येईल. समारोपात सत्कारांसाठी अर्धा तास राखून ठेवलेला आहे. संयोजकांना माझी विनंती आहे की समोर कोणी पालक वा शेतकरी बसलेले असतील, तर तो वेळ त्यांना द्यावा. शाली मागाहून पोस्टाने पाठवता येतील.