दूध पुरत नाही, हे कोणी सांगितलं?

बाळाला डब्याचं दूध का सुरू केलं, असं विचारलं तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं: आईला दूध पुरेसं येत नव्हतं. आईचं दूध उत्तम असतं, पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अंगावर पाजण्याची इच्छाही असते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी आठ देशांतल्या साडेआठ हजार गर्भवती स्त्रिया आणि पालक यांच्याशी बोलून २०२२ साली एक अहवाल काढला. आपल्या शेजारच्या बांगलादेशात ९८ टक्के स्त्रियांनी फक्त आपलंच दूध पाजायची इच्छा त्यात सांगितली होती. म्हणजे माहिती आहे, इच्छाही आहे, मग कमी पडतो तो भरवसा. तो आपोआप कमी होत नाही, असं मला आज मांडायचं आहे. डब्याचं दूध विकणाऱ्यांना आधी आईच्या मनात शंका विकावी लागते, डबा त्यानंतर खपतो.

ही शंका रुजते कशी, हे समजायचं तर पहिल्या काही आठवड्यांत काय घडतं ते पाहायला हवं. बाळंतपणानंतरचे दोन-तीन दिवस आईला येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो थोडाच असतो, पण नवजात बाळाची भूकही एका वेळी चमचा-दीड चमच्याची असते, आणि रोगांशी लढणारी द्रव्यं या चिकात भरपूर असतात. घरातल्यांना मात्र दिसतं ते एवढंच की बाळ रडतंय आणि दूध ‘उतरलेलं’ नाही. मग मध, गूळपाणी, बाळगुटी, नाहीतर डबा. पुढे बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. हेही नेहमीचंच, पण काट्यावरचा आकडा पाहून घर घाबरतं. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला रडणं सर्वांत जास्त असतं. संध्याकाळी बाळ तासन्‌तास छातीला चिकटून राहतं, आणि त्याच सुमाराला आईची छाती पूर्वीसारखी दाटत नाही, मऊ लागते. दूध आटल्याचं हे लक्षण नसून मागणी आणि पुरवठा जुळल्याचं आहे. पण या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ‘पुरत नाही’ म्हणायला टपलेलं असतं.

आणि एकदा ते म्हटलं, की ते खरं होऊ लागतं. बाळ जितकं ओढतं, त्या प्रमाणात शरीर दूध बनवतं. रात्रीचं पाजणं तर त्यासाठी विशेष मोलाचं. वरच्या दुधाने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं आणि आईचं दूध त्या मानाने घटतं. शिवाय मन धास्तावलेलं असलं की पान्हा फुटायला वेळ लागतो. आठवड्याभरात खरोखरच दूध कमी होतं आणि सगळे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? शंका निर्माण करून तिलाच पुरावा बनवणारं असं दुसरं विक्रीतंत्र शोधून सापडणार नाही. दूध पुरतंय की नाही हे ओळखायच्या खुणा रडण्यात नसतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते आहे आणि दोन आठवड्यांनंतर वजन वाढतं आहे, या दोन गोष्टी पाहाव्यात. त्या ठीक नसतील तर डॉक्टरांना जरूर दाखवावं. तिथेही पहिला प्रश्न असावा, बाळाने छाती नीट तोंडात धरली आहे का? वेदना, चिरा, अपुरं दूध यांतल्या पुष्कळ तक्रारी बाळाला धरायची पद्धत सुधारली की मिटतात.

कंपन्यांवर एवढा ठपका ठेवणं योग्य आहे का, असं कोणी विचारेल. इतिहास पाहा. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी रोटरी क्लबच्या व्याख्यानात कृत्रिम दुधाच्या चुकीच्या प्रचारामुळे होणाऱ्या बालमृत्यूंना थेट खुनाची उपमा दिली होती. पुढच्या काळात आफ्रिका-आशियातल्या प्रसूतिगृहांत परिचारिकेच्या वेशातल्या विक्रेत्या हिंडू लागल्या. गरीब घरात डबा पुरवून पुरवून वापरला जाई, त्यात पाणी जास्त आणि तेही अशुद्ध; परिणाम जुलाब, कुपोषण आणि मृत्यू. १९७४ साली ब्रिटनमधल्या एका सेवाभावी संस्थेने यावर पुस्तिका काढली, १९७७ साली अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला, आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर केली. बाजूने ११८ देश, विरोधात एकच: अमेरिका.

भारताने त्याही पुढे जाऊन १९९२ साली कायदा केला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचं पर्यायी दूध, शिशुआहार आणि दुधाची बाटली यांची कसलीही जाहिरात आपल्याकडे गुन्हा आहे. फुकट नमुने वाटता येत नाहीत, गर्भवतींशी संपर्क साधता येत नाही, दुधाच्या डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही. डॉक्टरांना भेटी देणं किंवा त्यांच्या परिषदांचा खर्च उचलणं यालाही बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (पाच हजार! या व्यवसायाची जगभरातली वार्षिक उलाढाल अब्जावधी डॉलरची आहे.) कागदावर इतका भक्कम कायदा फार थोड्या देशांत असेल.

तरी शंका आत येतेच, कारण दारं अनेक आहेत. कायदा दोन वर्षांपर्यंतच्या वयाचा. त्याहून मोठ्या मुलांचं ‘वाढीचं दूध’ टीव्हीवर दिमाखात झळकतं, आणि डब्याचा रंग, नाव, मांडणी तान्ह्या बाळाच्या डब्यासारखीच असते. दुसरं दार हातातल्या फोनचं. मातांसाठीचे सल्ला देणारे गट, ‘तज्ज्ञां’च्या चित्रफिती आणि सवलतीची कूपनं यांना जाहिरात म्हणून ओळखणं अवघड जातं. तिसरं दार मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते रुग्णालयाचं. मघाच्या सर्वेक्षणात भारत नव्हता, पण त्या आठ देशांत मिळून एक तृतीयांशाहून जास्त स्त्रियांना आरोग्य कर्मचाऱ्याने विशिष्ट छापाचं दूध सुचवलं होतं. आपल्याकडचं चित्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं. पाचव्या फेरीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण जन्मानंतर तासाभरात छातीशी घेतलेली बाळं केवळ ४१.८ टक्के. सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळतं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४.९ होतं, म्हणजे घराघरांत सुधारणा आहे. पहिल्या तासाचा आकडा मात्र जवळपास हललेला नाही. तो तास डॉक्टर आणि परिचारिकांच्या हातात असतो. सिझेरियन झालं तरी, आई आणि बाळ ठीक असतील तर, मदतनीस असताना बाळाला तासाभरात छातीशी देता येतं.

आता आक्षेपांकडे वळू. काही आयांना खरंच दूध पाजता येत नाही. काही औषधं चालू असतात, काही दुर्मीळ आजारांत बाळाला आईचं दूध सोसत नाही, काही बाळांची आई हयात नसते. अशा बाळांना पर्यायी दूध द्यावंच लागतं, आणि ते देणाऱ्या आईला टोचून बोलायचा अधिकार कोणालाही नाही. दाता मातांचं दूधही आता मिळू शकतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली आणि तिथे प्रामुख्याने कमी दिवसांच्या, नाजूक बाळांसाठी निर्जंतुक केलेलं दूध मिळतं. पण पावडरचं दूध द्यायचंच असेल तर तेही धडपणे द्या: पावडर निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी सत्तर अंशांच्या खाली जाण्याआधी ती मिसळावी, मापात पातळपणा आणू नये, बाळाला पाजण्याइतकं निववावं, आणि बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरावं. ही माहिती डॉक्टरांनी वेळेवर आणि नीट समजावून द्यायला कायद्याची आडकाठी नाही. बंदी आहे ती प्रचाराला.

‘निवड आईची आहे, तिला पर्याय का नाकारता?’ हा आक्षेप वरवर उदार वाटतो. पण थकलेल्या, टाके दुखणाऱ्या, रात्रभर जागलेल्या बाईला अर्धवट माहिती देऊन करवून घेतलेल्या निवडीला निवड म्हणायला मी तयार नाही. दुकानात डबा मिळतोच आहे, तो कोणी काढून घेतलेला नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप नोकरी-मजुरी करणाऱ्या बायकांचा आहे, आणि त्यापुढे माझा युक्तिवाद अपुरा पडतो हे मान्य करतो. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. काढून ठेवलेलं दूध स्वच्छ भांड्यात साध्या तापमानाला साधारण चार तास टिकतं, फ्रिजमध्ये त्याहून जास्त. कचेरीत जाणाऱ्या बाईला यातून मार्ग निघतो. घरकाम करणारी, बांधकामावरची, फडात ऊस तोडणारी बाई यांना ना रजा, ना पाळणाघर, ना फ्रिज. त्यांना दूध कमी येतं असं नाही, पाजायला वेळ मिळत नाही. त्यांच्या बाबतीत ‘आईचं दूध पाजा’ हा सल्ला आधी मुकादमाला, ठेकेदाराला आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या घरांना द्यायला हवा.

बाकीच्या श्रोत्यांसाठी एवढंच. रुग्णालयात कोणी वरचं दूध लिहून दिलं, तर कोणत्या वैद्यकीय कारणासाठी, हे नम्रपणे विचारा. औषधाच्या दुकानात बाळाच्या दुधावर सूट, भेटवस्तू किंवा फलक दिसला, तर फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आणि घरी नुकतीच बाळंतीण झालेली सून किंवा लेक असेल, तर ‘पुरतंय ना?’ हे तिला रोज विचारू नका. तिला गरम जेवण द्या, आणि दोन पाजण्यांच्या मध्ये बाळ सांभाळून तिला झोपू द्या.