आत काय आहे, आणि बाहेर कुठून पडायचं?

(शुक्रवारच्या बैठकीत मखझनमध्ये काम करणाऱ्या भावांसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून लिहून दिलं आहे.)



आठवड्यातून एकच सुट्टी मिळते. ती झोप, कपडे, घरचा व्हिडिओ कॉल सोडून तुम्ही इथे आलात, म्हणून लांबण लावत नाही. दोनच प्रश्न सांगणार आहे. कुठल्याही मखझनमध्ये पाय ठेवताना ते विचारायचे. एक, आत काय आहे? दोन, बाहेर कुठून पडायचं?

मी डिप्लोमा सिव्हिल, सुपरवायझर. शुवैख, अमघरा, सुलैबिया, मिना अब्दुल्ला, या भागातली गोदामं तुम्हाला माहीत आहेतच. आता त्यातल्या काही शेडचं सेल्फ स्टोरेज होतंय. म्हणजे एका मोठ्या शेडमध्ये पार्टिशन टाकून लहान लहान खोल्या करायच्या, प्रत्येकीला शटर, आणि कुलूप भाडेकरूचं. काम हलकं वाटतं. उंची नाही, क्रेन नाही. म्हणूनच तिथे आपण गाफील राहतो.

मी स्वतः राहिलो, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शेडमध्ये आमचं काम होतं. अर्धी शेड तयार, भाड्याने गेलेली. अर्धीत आम्ही अँगल कापत होतो. ग्राइंडर चालवायचा तर आधी परमिट लागतं. आजूबाजूला जळणारं काही नाही, हे बघून सही करायची. शेजारच्या युनिटला कुलूप होतं. आत काय आहे विचारलं तर ऑफिसातून उत्तर आलं, "फर्निचर असेल." मी सही केली. मागच्या दाराला चोरीच्या भीतीने साखळी होती, तेही मला माहीत होतं. दाराजवळ खोके रचून ठेवा असं मीच आदल्या आठवड्यात पोरांना सांगितलं होतं.

पार्टिशनच्या खालच्या फटीतून ठिणग्या आत गेल्या. आत फोमच्या गाद्या होत्या. काही मिनिटांत काळा धूर झाला. सहा जण मागच्या दाराकडे पळाले. साखळीची चावी मुदीरच्या गाडीत, आणि गाडी बाहेर गेलेली. सगळे परत फिरून धुरातून पुढच्या शटरने बाहेर आले. जीव वाचले. पण आपल्या सोलापूरकडच्या एका पोराचे दोन्ही हात भाजले. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, "कामगाराचा निष्काळजीपणा." सही माझी होती, निष्काळजीपणा माझा होता आणि नाव त्याचं लागलं. मी गप्प बसलो. पोलिसांत नोंद नाही, भरपाई नाही. तीन महिन्यांनी पोरगा गावी गेला. आज इथे उभा आहे तो त्यामुळे.

आता पहिला प्रश्न, आत काय आहे?

१४ एप्रिल १९४४. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. कापूस पेटला, स्फोट झाले. विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले. भारतात १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आणि अलीकडचं बघा, ४ ऑगस्ट २०२०, बैरूत बंदर, १२ नंबरचं गोदाम. २,७५० टन अमोनियम नायट्रेट कित्येक वर्षं पडून होतं. आग लागली म्हणून दहा जणांचं पथक गेलं. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दहाही जण परत आले नाहीत.

आपल्या युनिटमध्ये एवढं नसतं. पण थिनर, रंग, परफ्यूमचे खोके, गॅसची बाटली, जुन्या लिथियम बॅटऱ्या, यातलं काहीही असू शकतं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत पुढच्या युनिटपर्यंत जाते. ग्राइंडरची ठिणगी दहा-अकरा मीटर उडते. म्हणून कुलूप उघडून बघितल्याशिवाय ग्राइंडर, वेल्डिंग सुरू करायचं नाही. भाडेकरू येत नसेल तर काम थांबेल, थांबू दे. शेजारी एक माणूस फक्त आगीवर लक्ष ठेवायला, हातात सिलिंडर घेऊन. काम संपल्यावरही त्याने किमान एक तास तिथेच थांबायचं. फोम, कापड आतल्या आत धुमसत राहतं.

दुसरा प्रश्न, बाहेर कुठून पडायचं?

मंगफ विसरलात का? १२ जून २०२४ ची पहाट. कामगारांची इमारत, जवळपास दोनशे माणसं झोपलेली. आग तळमजल्यावर लागली आणि धूर जिन्याने वर चढला. खोल्यांमधली पार्टिशन पेटणारी होती. लोक गच्चीकडे धावले तर गच्चीच्या दाराला कुलूप. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यातले जास्त करून आपले भारतीय. बहुतेक जण भाजून नाही, धुराने गुदमरून गेले. तिथे पार्टिशन होतं, कुलूप होतं, आणि बाहेर पडायला एकच वाट. मी तुम्हाला ज्या शेडची गोष्ट सांगितली, तिथेही हेच होतं. फरक एवढाच की आमच्याकडे दिवस होता आणि सगळे जागे होते.

म्हणून कामाच्या पहिल्या दिवशी दोन्ही दारांपर्यंत स्वतः चालत जा. दार ढकलून बघा. साखळी असेल तर फोटो काढा, फोरमनला दाखवा. पॅसेजमध्ये माल रचायचा नाही. वर स्प्रिंकलर असेल तर त्याच्याखाली दीड फूट जागा मोकळी ठेवा, नाहीतर पाणी आगीपर्यंत पोचत नाही. धूर झाला तर वाकून, जमिनीलगत निघा. आणि सामान घ्यायला मागे वळू नका.

अजून एक. दुपारी रिकाम्या युनिटमध्ये अंधार असतो, जरा गार वाटतं, म्हणून पोरं आत झोपतात. बाहेरून कुणी शटर ओढून कुलूप लावलं तर? उन्हाळ्यात पत्र्याच्या बंद खोलीत माणूस किती वेळ टिकेल? तिथे झोपायचं नाही म्हणजे नाही.

उन्हाचा नियम माहीत आहे ना? १ जून ते ३१ ऑगस्ट, सकाळी ११ ते दुपारी ४, उघड्यावर काम बंद. यार्डात ट्रक रिकामा करणं हेसुद्धा उघड्यावरचंच काम आहे. पत्र्याखाली मात्र हा नियम लागू होत नाही, आणि खरा उकाडा तिथेच. आत पंखा, पाणी, विश्रांती मागून घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी प्या. कुणी असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलं, तर "नाटक करतोय" म्हणू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, ११२ ला फोन करा.

आता कागदाचं बोलू. त्या पोराच्या वेळी मला हे माहीत नव्हतं.

कुवेतचा खाजगी क्षेत्राचा कामगार कायदा २०१० चा. कामातला धोका कामगाराला आधी सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कामावर इजा झाली तर मालकाने पोलीस ठाण्यात आणि कामगार खात्यात कळवायचं असतं. मालक कळवत नसेल तर जखमी माणूस स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसरा कुणी कळवू शकतो. डॉक्टर सांगेल तेवढे दिवस पगार चालू राहतो. सहा महिन्यांपुढे अर्धा. पण हे सगळं नोंद असेल तर. म्हणून दवाखान्यात "कामावर लागलं" हेच सांगा, "रूमवर पडलो" नाही. वाचता न येणाऱ्या अरबी कागदावर सही करू नका. आधी फोटो काढून माहितीतल्या माणसाला पाठवा. अडलं तर दूतावासात जा.

आणि ईसीआर पासपोर्टवर एमिग्रेशन क्लिअरन्स घेऊन आलेल्यांनो, प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी तुमच्या नावाने काढलेली असते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. मुदत बघा, आणि कागदाची एक प्रत घरी बायकोकडे किंवा आईकडे ठेवा. तुमच्या बॅगेतली पॉलिसी घरच्यांना सापडणार नाही.

तुम्ही म्हणाल, दादा, प्रश्न विचारला तर उद्या मुदीर म्हणेल, जा घरी. भीती खरी आहे, मलाही होती. म्हणून एकट्याने विचारू नका. पाच जण मिळून विचारा. सुपरवायझर मराठी असेल तर त्याला बाजूला घेऊन विचारा. आणि इथे माझ्यासारखे सुपरवायझर बसले असतील त्यांना सांगतो, परमिटवर सही आपली असते. दार उघडतंय का, हे बघूनच पेन काढा.

उद्या शनिवार. कामावर गेलात की आधी मागच्या दारापर्यंत चालत जा. पुढच्या शुक्रवारी मी प्रत्येकाला विचारणार आहे, दार उघडलं का?