अळीचे वय आणि विषाचा अंश



रानात, विहिरीच्या काठी किंवा बंद खोलीत मृतदेह सापडला म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो मृत्यू केव्हा झाला याचा. आरंभीच्या एक-दोन दिवसांत शरीराचे तापमान व ताठरता यांवरून डॉक्टरांना उत्तर देता येते. पुढे ही लक्षणे मुकी होतात आणि साक्षीला उभी राहते ती माशीची अळी. विषय किळसवाणा आहे खरा. परंतु या साक्षीत दोन दिवसांची चूक झाली, तर त्या दिवशी परगावी असलेला निरपराध मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

चकाकत्या निळ्या-हिरव्या माश्या दिवसाउजेडी अल्पावधीतच मृतदेहावर येऊन अंडी घालतात. अंडे, अळीच्या तीन अवस्था, कोष आणि माशी असा हा प्रवास असतो. हवा जितकी उष्ण, तितकी वाढ जलद. त्यामुळे तापमानाची नोंद हाताशी असल्यास अळीच्या लांबीवरून दिवस मागे मोजीत जाता येतात. फ्रान्समधील मेग्निन यांनी १८९४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून या हिशेबाला शास्त्राचे रूप येत गेले. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे. अळीचे अन्न निर्भेळ होते, असे त्यात धरलेले असते. मृताने मरणापूर्वी मादक द्रव्य वा विष घेतले असेल, तर तेच अळीच्या पोटात जाते.

हवाई बेटांवरील कीटकशास्त्रज्ञ ली गॉफ व त्यांचे सहकारी यांनी सशांवर केलेले प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाले. कोकेनच्या प्राणघातक मात्रेने मेलेल्या सशांच्या अवयवांवर पोसलेल्या अळ्या ३६ ते ७६ तासांच्या टप्प्यात इतर अळ्यांपेक्षा झपाट्याने वाढल्या. १९९१ साली हेरॉइनचे निष्कर्ष आले. त्यात अळ्या लवकर वाढल्या, परंतु कोषावस्था लांबली. उलट फ्रान्समध्ये १९९९ साली दुसऱ्या जातीच्या माशीवर मॉर्फिनचा प्रयोग झाला, तेव्हा अळ्यांची वाढ मंदावली. वास्तविक हेरॉइनचे शरीरात मॉर्फिनच होते! तेव्हा एका जातीच्या माशीवरून काढलेला नियम दुसरीला सरसकट लावणे धोक्याचे ठरेल.

अमेरिकेतील स्पोकेन शहराजवळच्या पाइनच्या रानात सापडलेल्या एका तरुणीच्या मृतदेहाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिच्या देहावरील बहुतेक अळ्या ६ ते ९ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे साधारण सात दिवसांच्या होत्या. एक अळी मात्र १७.७ मिलिमीटर भरली. नेहमीच्या हिशेबाने तिचे वय तीन आठवडे होत होते. मृत्यू सात दिवसांपूर्वीचा की एकवीस? ती अळी नाकाच्या भागात वाढली होती आणि त्या तरुणीने मृत्यूपूर्वी नाकावाटे कोकेन ओढले होते, असा उलगडा पुढे झाला. एकाच देहावर दोन कालमापके चालली होती.

महाराष्ट्रातील खेड्यांना कोकेनपेक्षा कीटकनाशकाची गोष्ट जवळची आहे. हवाईतच मॅलाथिऑन पिऊन मृत्यू पावलेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाचे प्रकरण १९८९ साली नोंदले गेले. ते आठ दिवसांपूर्वी शेवटचे दिसले होते; अळ्या मात्र पाचच दिवसांचा काळ दाखवीत होत्या. या अळ्यांत मॅलाथिऑन आढळले. कीटकनाशकाने माश्यांना अंडी घालण्यास विलंब लावला असावा, असा अर्थ तज्ज्ञांनी लावला. शेतातल्या गोठ्यात फवारणीचे औषध प्यालेल्या माणसाच्या बाबतीतही असा विलंब संभवतो.

अळी दिशाभूल करते तशी मदतही करते. अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात केवळ सांगाडा उरलेल्या तरुणीच्या देहावरील अळ्यांमध्ये झोपेच्या गोळ्यांतील फिनोबार्बिटल मिळाले. रासायनिक तपासणीसाठी रक्त वा आतडी शिल्लक नसताना अळीच नमुन्याचे काम करते. अर्थात अळीतील प्रमाणावरून मृताने किती मात्रा घेतली हे सांगता येत नाही. द्रव्य होते, एवढेच कळते. अळीने खाणे थांबविले की तो अंशही झपाट्याने कमी होतो.

म्हणूनच पंचनाम्याच्या वेळी अळ्या घाण म्हणून धुऊन टाकल्या जाऊ नयेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये, जे १ जुलै २०२४ पासून अमलात आले, असा पंचनामा त्या भागातील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या उपस्थितीत होतो. त्यांत बहुधा पंचायत सदस्य किंवा शिक्षक असतात. कुपी, डबा, चिलीम, सुई, गोळ्यांचे वेष्टन यांपैकी काय कोठे पडले होते, देह उन्हात होता की सावलीत, अळ्या तोंडानाकाशी होत्या की जखमेपाशी, हे पंचांनी आग्रहाने लिहवून घ्यावे. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये, काही जिवंत, काही रासायनिक तपासणीसाठी गोठवून ठेवणे हे पोलीस व डॉक्टरांचे काम आहे. जिवंत अळी प्रयोगशाळेत माशी होईपर्यंत वाढविली म्हणजे तिची जात नक्की होते, आणि जात नक्की झाल्याखेरीज वरीलपैकी कोणताच हिशेब मांडता येत नाही.