भूमीच्या पोटातले तेल, पाठीवरचे जीवन



अमेरिकेच्या अलास्का राज्यात, उत्तर ध्रुवीय महासागराच्या काठी, सुमारे १ कोटी ९० लाख एकरांचे ‘आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य’ आहे. १९६० साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या शासनाने हा प्रदेश प्रथम राखून ठेवला. १९८० च्या कायद्याने त्याचा विस्तार झाला. मात्र समुद्रालगतच्या सुमारे १५ लाख एकर सपाट पट्टीत तेल काढायचे की नाही, हा निर्णय अमेरिकी संसदेने स्वतःकडे ठेवला. तो वाद अजून शमलेला नाही.

एका बाजूला विकास आणि दुसऱ्या बाजूला निसर्ग, अशी सोपी मांडणी येथे पुरत नाही. दोन्ही बाजूंना भूमिपुत्रच उभे आहेत. या पट्टीच्या काठावर काक्टोविक हे इन्युपिअट समाजाचे गाव आहे. उत्तर अलास्कातील तेल उद्योगावरील करांतून तेथे शाळा, दवाखाने, नळाचे पाणी आले. त्यामुळे तेथील अनेकांना तेल हवे आहे. पर्वतांच्या दक्षिणेस ग्विचिन समाज राहतो. कॅरिबू हरणे हे त्याचे अन्न आणि संस्कृतीचा आधार. ‘पॉर्क्युपाइन’ या कळपात २०१७ च्या गणनेनुसार सुमारे २ लाख १८ हजार हरणे होती. बहुतेक वर्षी त्यांच्या माद्या याच पट्टीत वितात; कारण तेथे हिंस्र पशू तुलनेने कमी, कोवळा चारा विपुल आणि समुद्रवारा डासांना हटविणारा. ग्विचिन या भूमीला जीवनारंभाचे पवित्र स्थान मानतात.

आता तेलाचा हिशेब. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९८ साली ही पट्टी व लगतचा परिसर मिळून सरासरी १०.४ अब्ज पिंपांचा अंदाज वर्तविला. अमेरिका दररोज सुमारे २ कोटी पिंपे तेल वापरते. म्हणजे सारा साठा दीड वर्षाच्या गरजेइतका! अर्थात, तो अनेक वर्षे थोडाथोडा निघेल आणि रोजगारही देईल, हे नाकारता येत नाही. आधुनिक तंत्राला जमीन थोडी लागते, हा समर्थकांचा युक्तिवादही खरा आहे. परंतु विहिरींसोबत रस्ते आणि तेलवाहिन्या येतात. पश्चिमेकडील तेलक्षेत्रांत, नुकत्याच व्यालेल्या माद्या त्यांपासून दूर राहतात, असे अभ्यासांत आढळले आहे.

१९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २००५ साली सिनेटमध्ये प्रस्ताव अडला. २०१७ च्या कायद्याने द्वार उघडले. पण जानेवारी २०२१ च्या लिलावातून जेमतेम १ कोटी ४४ लाख डॉलर मिळाले. मोठ्या कंपन्या फिरकल्या नाहीत. बहुतेक बोली अलास्का राज्याच्याच संस्थेच्या होत्या. जानेवारी २०२५ च्या लिलावात तर एकही बोली आली नाही. तरीही त्याच वर्षी नव्या कायद्याने आणखी चार लिलाव बंधनकारक केले.

इन्युपिअटांची शाळा आणि ग्विचिनांचे अन्न, दोन्ही मोलाचे. पण शाळेसाठी निधीचा अन्य मार्ग शोधता येतो. कळपासाठी दुसरी जन्मभूमी निर्माण करता येत नाही. भूगर्भातील तेल कोठे पळून जात नाही. थांबण्याचा निर्णय उद्या बदलता येईल. एकदा मोडलेली ही भूमी मात्र कोणत्याही कायद्याने पूर्ववत होणार नाही. ज्या निर्णयाला परतीची वाट नाही, तो घेण्यापूर्वी थांबणे, यातच राष्ट्राचा विवेक आहे.